जीभरावांचे कोरडे उमासे

चांगल्या दुधाला वास नसतो. असलाच तर तो इतका पुसट असतो की त्याला वास म्हणणे म्हणजे दुधावर अन्याय करणे होय. ज्या गृहस्थाने हा नसलेला वास हुंगण्यात अर्धे आयुष्य काढले, त्याला उतरत्या वयात स्वतःच्याच तोंडाची शिसारी यावी, यात कुणाला गंमत वाटत असेल तर वाटो. डेअरीत ती पुष्कळांना वाटली.

गृहस्थाचे खरे नाव हजेरीपटावर होते आणि तिथेच राहिले. दूध चाखून ते घ्यायचे की परत पाठवायचे हे ठरवणारा माणूस म्हणून सगळे त्यांना जीभराव म्हणत. सकाळी टँकर येऊन डेअरीच्या ओट्याला लागत. टँकरचे झाकण उघडले की पहिला श्वास जीभरावांचा. झाकणाखाली कोंडलेली हवा एकदाच सापडते. दुसऱ्या श्वासाला ती उडून गेलेली असते. मग लांब दांड्याच्या ओगराळ्याने थोडे दूध काढायचे, वाटीत कोमट करायचे, घोटभर तोंडात घेऊन जिभेवरून फिरवायचे आणि थुंकायचे. गिळायचे नाही. पुढे प्रयोगशाळेतली मंडळी काचेच्या नळ्यांत काय करायचे ते करीत. पण जीभरावांनी नाकारलेले दूध त्यांच्यापर्यंत पोहोचतच नसे. परत पाठवलेला टँकर उन्हातून आपल्या वस्तीवर जाईपर्यंत त्यातले दूध खरोखरच नासलेले असे. त्यामुळे निकाल चुकला होता हे सिद्ध करण्याची सोय कुणालाही नव्हती. डेअरीला ही व्यवस्था फार निर्दोष वाटे.

तरीही जुन्या मंडळींना थोडी अक्कल होती. त्यांनी या कामाला तोंडे दोन ठेवली होती. दुसरे तोंड होते थोरल्यांचे. थोरले जीभरावांहून वयाने मोठे, अंगाने आडवे, आणि दुधाखेरीज बाकी सर्व गोष्टींत बेफिकीर. दोघे एकमेकांकडे पाठ करून उभे राहत आणि एकाच टँकरचा घोट घेत. बोलायचे नाही हा दंडक. एक शब्द निघाला की ड्रायव्हरची गाऱ्हाणी सुरू होतात आणि दुसऱ्याच्या जिभेवर पहिल्याचे मत चढते. म्हणून निकाल चेहऱ्यावर. शांतपणे थुंकून एक पाऊल मागे सरकले की दूध घ्यायचे. तोंड वाकडे झाले की परत. पंपवाला मधोमध उभा राहून दोन्ही चेहरे पाही. चेहरे जुळले नाहीत तर पुन्हा घोट.

“तुला सर्दी झाली की तुझं नाक मी, मला झाली की माझं नाक तू,” थोरले म्हणत. “नशीब समज, बायका तरी आपापल्या आहेत.”

थोरले वयानुसार निवृत्त झाले. त्याच सुमारास डेअरीला नवे अधीक्षक लाभले. लाभले हा शब्द त्यांच्या स्वागताच्या फलकावर होता, म्हणून इथेही तोच ठेवला आहे. हे सद्गृहस्थ व्यवस्थापनाची पदवी घेऊन आले होते आणि दूध त्यांनी चहात सोडून कुठे पाहिलेले नव्हते. आल्या आल्या त्यांनी ओट्याच्या भिंतीवर ठळक अक्षरांत रंगवून घेतले: एक काम, एक माणूस, एक जबाबदारी. त्यांच्या स्वतःच्या दालनाबाहेर शिपाई दोन होते.

“साहेब, थोरल्यांच्या जागी कोण येणार?” जीभरावांनी विचारले.

“कोणी नाही. दोन माणसं एकच घोट घेतात, एकाचा घोट फुकट. आमचा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे.”

“विश्वासाचं नाही साहेब. नाक आहे हे. एखाद दिवशी चुकलं तर?”

“चुकायचं नाही,” अधीक्षक म्हणाले आणि स्वतःच्या उत्तरावर खूश होऊन हसले. “सोपं आहे की नाही?”

सोपे होते. विहिरीच्या काठावरून चालणाऱ्या माणसाला ‘पडायचं नाही’ असे सांगण्याइतके सोपे.

पहिले काही आठवडे जीभरावांना काही झाले नाही. मात्र प्रत्येक टँकर आत गेल्यावर ते पूर्वी कधी करीत नसत ते करू लागले. गेलेल्या घोटाचा विचार. आंबटसर होता का? मागे जरा कडवट लागला का? एक टँकर बिघडलेला गेला तर टाकीतले सगळे दूध जाते, आणि टाकीतले दूध शहरभर जाते, पाळण्यातल्या मुलांपर्यंत जाते. पूर्वी हा विचार आला की पाठीमागे थोरल्यांची रुंद पाठ असे. आता पाठीमागे रंगवलेली भिंत होती.

मग एके सकाळी दात घासताना ब्रश जिभेच्या मुळाशी गेला आणि पोट उलटून घशात आल्यासारखा उमासा आला. बाहेर काहीच पडले नाही. लाळेची एक चिकट तार तेवढी ओठापासून बेसिनपर्यंत लोंबत राहिली आणि डोळ्यांतून पाणी आले.

“अहो, काय झालं?” स्वयंपाकघरातून पत्नीने विचारले. “काल बाहेर काय खाल्लंत?”

“काही नाही.”

“काही न खाता एवढा आवाज? शेजारचे दार उघडून बघतायत.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ब्रश बदलला, मंजन बदलले, शेवटी नुसत्या बोटाने दात घासून पाहिले. उमासा आपल्या वेळेला हजर. लवकरच तो बेसिन सोडून त्यांच्याबरोबर बाहेर पडू लागला. डेअरीचे फाटक दिसले की छातीत धडधड सुरू होई. ओट्याच्या पायऱ्या चढताना बोटांच्या टोकांना मुंग्या येत. घशात सुपारीएवढे काहीतरी अडकून बसे. गिळले तर जात नसे, खाकरले तर निघत नसे. आणि सर्वांत लाजिरवाणी गोष्ट म्हणजे अर्ध्या वाटेत पोटात अशी कळ उठे की रस्त्यावरच्या सार्वजनिक शौचालयात धावावे लागे. तिथल्या ओल्या फरशीचे, भिंतींवरच्या थुंकीचे आणि तुटक्या कडीचे वर्णन करून वाचकांचे जेवण बिघडवण्यात अर्थ नाही. एवढेच सांगावे की तिथला राखणदार काही दिवसांतच त्यांना लांबून पाहून ओळखीचे हसू लागला. ज्या सभ्य माणसाला असल्या ठिकाणी नमस्कार घ्यावा लागतो, त्याने आणखी काय काय सोसले असेल ते समजून घ्यावे.

जीभरावांनी आपल्या बुद्धीप्रमाणे निदान केले. पोटात गाठ आहे. आरशासमोर उभे राहून ते विजेरीच्या उजेडात स्वतःची जीभ पाहत. ज्या जिभेने इतरांच्या दुधातली खोट काढली, तिच्यावर पांढुरका थर दिसला की त्यांना घाम फुटे आणि घाम फुटला की उमासा येई. पत्नीला ते काही सांगत नसत. पत्नीला सगळे ऐकू येत असे.

इथून पुढे डॉक्टर. नेहमीच्या डॉक्टरांनी आम्लपित्ताच्या गोळ्या दिल्या. त्या संपल्यावर त्यांनी त्याच गोळ्या वेगळ्या रंगात दिल्या. मग पोटाच्या मोठ्या डॉक्टरांकडे पाठवले. तिथे बाहेर शेवाळलेल्या पाण्याची मासे ठेवायची पेटी होती आणि तिच्याभोवती बसलेले लोक आपापल्या शौचाचा रंग एकमेकांना असा सांगत होते, जणू घराला लावायचा रंग निवडायचा आहे. आत जीभरावांना कुशीवर झोपवून घशातून दुर्बिणीची नळी पोटात घातली. जो माणूस ब्रश सहन करू शकत नव्हता त्याला नळी गिळायला लावली! ते हंबरत होते, त्यांच्या गालावरून लाळ उशीच्या रबरी अभ्र्यावर गळत होती, आणि डॉक्टर पडद्याकडे पाहत सहायकाला आपल्या नव्या गाडीच्या सीटकव्हरबद्दल सांगत होते.

“एकदम स्वच्छ,” डॉक्टर हातमोजे काढत म्हणाले. “तुम्हाला काही नाही.”

“मग हे होतं ते?”

“टेन्शन घेऊ नका.”

जणू जीभराव पिशवी घेऊन बाजारात गेले होते आणि स्वस्त मिळाले म्हणून दोन किलो घेऊन आले होते.

‘काही नाही’ या दोन शब्दांइतके ओंगळ शब्द वैद्यकशास्त्रात नसतील. भीतीने पोटात गोळा येतो, तोंडाला कोरड पडते, हातपाय गळतात, काळजाचे पाणी होते, हे आपण रोज बोलतो आणि कुणी त्याला खोटे म्हणत नाही. पण तोच गोळा खरोखर पोटात घेऊन एखादा माणूस दवाखान्यात गेला, की तो दुर्बिणीत दिसत नाही म्हणून त्याला घरी पाठवतात. जाताना बिल मात्र त्याच गोळ्याचे घेतात.

डॉक्टरांचे संपले की नातेवाइकांचे सुरू होते. पत्नीचा मोठा भाऊ समाचाराला आला. आला तो खुर्चीवर मांडी घालून बसला, दातात काडी घातली, आणि काडीला लागेल ते निरखून पुन्हा तोंडात टाकत उपदेश करू लागला.

“भावोजी, सगळं मनाचं असतं. मन घट्ट करायचं. आम्ही काय संकटं पाहिली नाहीत? पण कधी ओकाऱ्या काढल्या? मला बघा.”

जीभरावांनी बघितले आणि ते उठून बेसिनकडे गेले.

“दादा,” पत्नी शांतपणे म्हणाली, “तुला बघूनच त्यांना जास्त होतं. ती काडी टाक आधी.”

इतके दिवस हे सगळे जीभरावांच्या स्वतःच्या आतड्यांपुरते होते. त्यात दुसऱ्याचे नुकसान नव्हते. ते नुकसान ज्या दिवशी झाले, त्या दिवशी सकाळी ओट्याला एक छोटा टँकर लागला होता. दूरच्या एका वस्तीवरच्या बायकांनी मिळून दूधकेंद्र चालवले होते. घरोघरची भांडी केंद्रावर यायची, टँकर भरायचा आणि इथे यायचा. त्यांचे दूध नेहमीच चांगले असे. जीभरावांनी झाकण उघडले. काही नाही, म्हणजे उत्तम. घोट तोंडात घेतला. तोही उत्तम. एवढ्यात पाठीमागे बुटांचा करकर आवाज आला. अधीक्षक तपासणीला आले होते आणि अगदी कानाशी उभे राहून पाहत होते. जीभरावांच्या मनात आले, आता चुकलो तर यांच्या डोळ्यांदेखत. त्याबरोबर घसा आवळला, पोट वर आले, आणि त्यांनी तोंडातले दूध एवढा मोठा उमासा काढून बाहेर टाकले की ओगराळे हातातून पडले.

पंपवाल्याने चेहरा पाहिला. त्याला शिकवलेले होते तेच त्याने केले. हात वर करून टँकर परत पाठवला.

जीभराव सांगायला वळले. तोंडात लाळ दाटली होती, शब्द फुटेना. तोवर अधीक्षकांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली होती.

“वा! याला म्हणतात तपासणी! ऐका रे सगळे, असलं दूध आपल्या डेअरीत येणार नाही!”

ओट्यावरचे लोक ऐकत होते. ड्रायव्हर शिव्या पुटपुटत गाडी मागे घेत होता. अजून एक वाक्य पुरे झाले असते. ते वाक्य जीभरावांना येत होते. त्यांनी रुमालाने तोंड पुसले आणि ते गप्प बसले.

गप्प बसण्याचे कारण काही गूढ नव्हते. ज्याच्या नाकाजिभेत खोट निघाली, त्याला डेअरीत एकच जागा असे: क्रेट धुण्याचा विभाग. तिथे फुटलेल्या पिशव्यांचे दूध क्रेटच्या कोपऱ्यांत वाळून पिवळे पडलेले असते. त्यावर गरम पाण्याचा फवारा पडला की जो भपकारा उठतो तो अंघोळ करूनही कातडीतून जात नाही. अर्धे आयुष्य निर्मळ दूध ओळखण्यात काढलेल्या माणसाने उरलेले आयुष्य त्या दुर्गंधीत काढायचे, आणि का, तर तो घाबरतो म्हणून! जीभरावांना ते नको होते. म्हणून चांगले दूध परत गेले. त्या दिवसापासून त्यांना उमाशांपेक्षा स्वतःची किळस जास्त येऊ लागली, आणि उमासेही दुप्पट झाले.

शेवटी पत्नीने त्यांना ओढत नगरपालिकेच्या दवाखान्यात नेले. तिथल्या डॉक्टरीणबाई वयस्कर होत्या, थकलेल्या होत्या, आणि त्यांच्या टेबलाचा एक पाय विटेवर टेकलेला होता. त्यांनी तपासण्यांची चळत चाळली, नाडी पाहिली, आणि कुणीच न विचारलेला प्रश्न विचारला.

“हे कधी होत नाही?”

जीभराव गोंधळले. “सुट्टीच्या दिवशी... दुपारनंतर कमी असतं. आमच्या थोरल्यांना भेटायला गेलो होतो. तिथे नाही आलं.”

“तिथे काय खाल्लं-प्यालात?”

“पेलाभर दूध.”

“पचलं?”

“पचलं.”

“म्हणजे पोट दुधाला घाबरत नाही. ओट्याला घाबरतं.”

जीभरावांचा चेहरा लाल झाला. “म्हणजे मी नाटक करतो असं म्हणायचंय तुम्हाला?”

“बघा, तुमची नाडी आता, नुसतं ओट्याचं नाव काढल्यावर, किती पळायला लागली. नाटक करणाऱ्याला आवाज काढता येतो, नाडी पळवता येत नाही.” बाईंनी त्यांचा हात सोडला. “घाबरलेलं शरीर पळायच्या तयारीला लागतं. काळीज जोरात चालतं. श्वास उथळ आणि भराभर होतो, त्यानं बोटांना मुंग्या येतात. घशाचे स्नायू आवळतात, म्हणून काहीतरी अडकल्यासारखं वाटतं. पोट पचवायचं काम सोडून देतं, आतड्यांना भलतीच घाई होते. पण तुम्ही तर पळत नाही, तुम्ही तिथेच उभे. मग एवढी सगळी तयारी जाणार कुठे? तपासण्या झाल्या ते चांगलं झालं, पोटात रोग नाही हे कळलं. पण रोग सापडला नाही म्हणून त्रास खोटा ठरत नाही.”

“मी हेच म्हणत होते,” पत्नी म्हणाली. ती असे कधीच म्हणाली नव्हती, पण तिच्या डोळ्यांत पाणी होते, म्हणून कुणी हरकत घेतली नाही.

बाईंनी श्वास सावकाश सोडण्याचा एक साधा प्रकार करून दाखवला, उपाशीपोटी कामावर जाऊ नका असे बजावले, पुढल्या आठवड्यात पुन्हा बोलावले. गरज पडली तर औषधही देऊ म्हणाल्या. मग खाली मान घालून लिहिता लिहिताच म्हणाल्या, “आणि कामावर कुणाला तरी सांगा. लपवून ठेवलेली भीती जास्त खाते.”

“सांगितलं तर ओट्यावरून काढतील.”

“बरं. आणि न सांगून काय झालंय?”

जीभरावांनी तपासण्यांची चळत गोळा केली. परत गेलेल्या टँकरची गोष्ट त्यांनी बाईंनाही सांगितली नाही, पत्नीलाही नाही.

श्वासाच्या प्रकाराने थोडे बरे वाटले. बेसिनजवळचे उमासे कमी झाले, शौचालयाचा राखणदार त्यांच्या तब्येतीची चौकशी करू लागला. पण ओट्यावर अधीक्षक दिसले की पूर्वीचेच. अशातच तो छोटा टँकर बऱ्याच दिवसांच्या खंडानंतर पुन्हा आला. या वेळी ड्रायव्हरच्या शेजारून एक बाई उतरली. दूधकेंद्राची प्रमुख. ड्रायव्हर तिला मावशी म्हणत होता. पदर कमरेला खोचून ती सरळ जीभरावांपुढे येऊन उभी राहिली.

“भाऊ, मागच्या खेपेला आमचं दूध परत पाठवलं ते तुम्हीच ना?”

जीभरावांनी मान हलवली.

“तक्रार नाही माझी. खराब असेल तर परत करायलाच पाहिजे. पण वास कसला होता तेवढं सांगा. आंबट होता, का गोठ्याचा होता, का भांड्याला काही लागलेलं होतं?” तिने आवाज खाली आणला. “आमच्यात फार वाईट झालं हो. कुणाच्या भांड्यानं घात केला यावरून बायका बायकांत भांडणं लागली. एकीचं भांडं सगळ्यात शेवटी आलं होतं. सगळ्यांनी मिळून तिला घाणेरडी ठरवली. तिचं दूध बंद केलं आम्ही. तिच्या दारावरून जाताना बायका नाकाला पदर लावतात, आणि पहिल्यांदा मीच लावला. ती शपथा घेते, रडते. मला आता झोप लागत नाही. एवढं सांगा, वास कसला होता? म्हणजे आम्हाला कळेल, तिचा होता का नाही.”

वास नव्हताच. काय सांगणार? जीभरावांनी झाकण उघडले. दूध नेहमीसारखे निर्मळ. त्यांनी घोट घेतला. मावशी त्यांच्या तोंडाकडे एकटक पाहत होती. तिच्या मागे, दालनातून नुकतेच बाहेर आलेले अधीक्षक पाहत होते. जीभरावांनी श्वास सावकाश सोडून पाहिला. सुटेना. घसा आवळला, बोटे बधिर झाली, आणि उमासा आला. दूध त्यांच्या सदऱ्यावर, पायांवर, मावशीच्या चपलांवर सांडले.

पंपवाल्याचा हात वर गेला.

मावशी मटकन ओट्याच्या कडेवर बसली. “पुन्हा?” ती म्हणाली. “म्हणजे तिचं भांडंसुद्धा नव्हतं. आता कुणाला काढू?”

“हात खाली घे,” जीभराव पंपवाल्याला म्हणाले. ओट्यावर चाखणारा माणूस बोललेला त्याने कधी ऐकला नव्हता. तो तसाच उभा राहिला. “अरे, हात खाली घे! दूध चांगलं आहे.”

“मग तोंड का वाकडं केलंत?” अधीक्षकांनी विचारले.

“तोंड माझं आहे, साहेब. मला असं होतं. भीती वाटली की पोट उलटतं. दुधाचा काही संबंध नाही.” एकदा दार उघडल्यावर उरलेलेही बाहेर आले. “मागच्या खेपेलाही दूध चांगलं होतं.”

रांगेतल्या ड्रायव्हरांपैकी एकजण ओरडला, “जीभराव, सकाळी सकाळी उमासे म्हणजे दिवस गेले की काय?” आणि सगळा ओटा खदाखदा हसला. माणसांचा घोळका किती पटकन डबक्यासारखा वास मारू लागतो, ते अशा वेळी कळते.

मावशी हसली नाही. “मागच्या खेपेलाही?” ती उठून उभी राहिली. “आणि तुम्ही तेव्हा बोलला नाहीत?”

“नाही.”

“का?”

“काम जाईल म्हणून.”

तिने त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिले ती नजर त्यांना परिचयाची होती. नासलेल्या दुधाकडे ते स्वतः असेच पाहत.

“मग चला माझ्याबरोबर,” ती म्हणाली. “मी सांगून कुणी ऐकायचं नाही. म्हणतील, मावशीला तिची दया आली. तिच्या दारात उभं राहून तुम्ही सांगा.”

अधीक्षकांनी जीभरावांचा दंड धरून त्यांना बाजूला नेले. “वेडेपणा करू नका. डेअरीनं चांगलं दूध परत पाठवलं असं बाहेर गेलं तर उद्या प्रत्येक वस्ती दारात येऊन बसेल. एक करू. आजचं दूध चांगलं, मागच्या वेळचं खराब. काय बिघडलं? तेव्हाचं दूध कुणी ठेवलंय का तपासायला? तुम्ही ओट्यावर राहा, औषध घ्या, हवी तर चार दिवस रजा घ्या. शिवाय त्या बाईचं तुम्हाला काय? कुठली कोण.”

“आणि गेलो तर?”

“तर उद्यापासून क्रेटवर. आणि भित्र्या माणसाला ठेवून घेतलं याचे उपकार माना.”

साहेबांच्या तोंडाला वेलचीचा वास येत होता. जीभरावांना वाटले, इतक्या वर्षांत इतके नासके काही आपण हुंगले नव्हते. त्यांनी दंड सोडवून घेतला, आणि दूध उतरवून टँकर रिकामा होताच, सांडलेल्या दुधाने ओला झालेला सदरा तसाच ठेवून ते त्याच्या केबिनमध्ये जाऊन बसले. ड्रायव्हर आणि मावशी यांच्यामध्ये, गुडघे आवळून. वाटेत दोनदा गाडी थांबवावी लागली. रस्त्याच्या कडेला वाकून ते उमासे काढत असताना मावशी तोंड फिरवून बसली होती. पाण्याची बाटली मात्र तिने खिडकीतून पुढे केली.

ती बाई आपल्या दारात रिकामे भांडे राखेने घासत बसली होती. विकायला दूध नव्हते तरी घासत होती. आतून-बाहेरून, काठाखालून, पुन्हा आतून. घासून घासून तिच्या बोटांची पेरे सोलवटली होती. आजूबाजूच्या घरांच्या उंबऱ्यांवर बायका जमू लागल्या. काहींचा पदर सवयीने नाकाकडे गेला.

“हे डेअरीचे,” मावशी म्हणाली. “यांना काही सांगायचंय.”

बाईने मान वर केली, पण हात थांबवला नाही.

जीभराव तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. ते म्हणाले, “तुमच्या दुधात...” आणि घसा आवळला. उमासा आला, भर उन्हात, साऱ्या वस्तीदेखत, ते पोट धरून वाकले. कुणीतरी फिसकन हसले. तोंडातून लाळेखेरीज काही पडले नाही. त्यांनी ती हातानेच पुसली, ताठ उभे राहिले, श्वास येईपर्यंत थांबले.

“तुमच्या दुधात काही खोट नव्हती. कुणाच्याच नव्हती. दूध स्वच्छ होतं. मला आत्ता झालं तसं तेव्हा झालं, आणि मी गप्प बसलो.”

भांड्यावरचा हात थांबला. बाईने समोरच्या उंबऱ्यांकडे पाहिले, एकेका घराकडे, सावकाश. तिच्या चेहऱ्यावर ना आनंद होता ना क्षमा.

“पुन्हा सांगा,” ती म्हणाली. “टोकाच्या घरात ऐकू गेलं नसेल.”

जीभरावांनी टोकाच्या घराकडे तोंड वळवले आणि पुन्हा सांगायला सुरुवात केली.